दुसऱ्या दिवसाचे दोन दीनार



लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या सर्वांना संडे स्कूलपासून पाठ आहे. नाताळच्या कार्यक्रमात मुलांनी तो किती वेळा करून दाखवला असेल! एक मुलगा जमिनीवर पडतो, याजक तोंड फिरवून जातो, लेवी घाईघाईने जातो, मग शोमरोनी येतो. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवतो. टाळ्या होतात आणि पडदा पडतो.

पण प्रभू येशूने गोष्ट तिथे थांबवलेली नाही. दुसरा दिवस उजाडतो. शोमरोन्याला पुढच्या प्रवासाला निघायचे आहे. तो उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो, या माणसाची काळजी घे म्हणतो, आणि याहून जास्त खर्च झाला तर परत येताना तोही मी भरीन, असा शब्द देतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून आपल्याला ठाऊक आहे की एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे या माणसाने एका अनोळखी जखमीसाठी दोन दिवसांची कमाई मोजून दिली आणि पुढचे खातेही उघडे ठेवले.

आपल्या भागातल्या तरुणांच्या व्यसनाचा विचार करताना मला दाखल्याचा हा दुसरा दिवसच सारखा आठवतो. पहिल्या दिवसाचे काम आपल्याकडे थोडेफार होते. प्रभातफेरी निघते, शपथ दिली जाते, पोलीस धाड घालतात, चर्चमध्ये उपास-प्रार्थना होते. पण दुसऱ्या दिवसाचे पैसे कोण देणार? खाटेचे, डॉक्टरचे, समुपदेशकाचे, मुलगा घरी परतल्यावर वर्षभर त्याच्या मागे उभे राहणाऱ्या माणसाचे? हे पैसे देणे सरकारचे कर्तव्य आहे आणि ते मागणे हे आपले ख्रिस्ती कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे आज सांगायचे आहे.

आपला यरीहोचा रस्ता

यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता लुटारूंसाठी प्रसिद्ध होता. आपल्या भागातून पुणे–बेंगळुरू महामार्ग जातो. कागल सोडले की महाराष्ट्र संपतो आणि थोड्याच वेळात निपाणी येते. या रस्त्याने ऊस जातो, भाजी जाते, गोकाक-घटप्रभेची माणसे कोल्हापूरच्या दवाखान्यात जातात. आणि याच रस्त्याने व आजूबाजूच्या आडवाटांनी पोती भरून गुटखाही जातो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखाबंदी केली, कर्नाटकाने २०१३ मध्ये केली. तरी सीमेवर गुटखा पकडल्याची बातमी वाचायला मिळाली नाही असा महिना विरळाच. शिवाय बंदीतून पळवाट निघाली ती वेगळीच. पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. दोन्ही तोंडात एकत्र केल्या की झाला गुटखा.

कायदा कागदावर चांगला आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत दुकान चालत नाही. कर्नाटकाने २०२५ मध्ये ही वयोमर्यादा एकवीस वर्षांवर नेली. बालन्याय कायदा (२०१५) तर मुलाच्या हाती दारू, नशेचा पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंतची सक्तमजुरी सांगतो. आता आपल्या शाळेच्या फाटकापासून पानपट्टीपर्यंतची पावले स्वतः मोजून पाहावीत. मी मोजली आहेत. शंभर यार्ड व्हायला पुष्कळ पावले कमी पडतात.

तरीही निपाणीबद्दल बोलताना जीभ जपून वापरली पाहिजे. हे गाव तंबाखूवर उभे राहिले. आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी आज्या तंबाखूच्या वखारीत राबल्या, ठसका लागत लागत त्यांनी लेकरे शिकवली. अनेकींनी घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळल्या. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हा महामार्ग अडवला होता. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. ज्या पिकाच्या भावासाठी माणसे मेली, त्या पिकाला व्यासपीठावरून शाप देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. चर्चच्या दानपेटीत आलेल्या कितीतरी नोटांना तंबाखूचा वास होता. म्हणून मी शेतकऱ्याला किंवा बिडी वळणाऱ्या बाईला बोल लावत नाही. माझा प्रश्न या व्यवहारात सर्वांत मोठा वाटेकरी कोण, त्याला आहे. तो वाटेकरी म्हणजे सरकार.

कमाई किती, खर्च किती

आपल्या राज्यघटनेचे सत्तेचाळिसावे कलम राज्याला स्पष्ट सांगते की लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे त्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, आणि औषधाखेरीज आरोग्याला घातक असलेली मादक पेये व पदार्थ यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा त्याने प्रयत्न करावा. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही, पण राज्यकारभारात ते मूलभूत मानावे असे घटनाच म्हणते.

आता हिशेब पाहू. कर्नाटक सरकारने २०२३-२४ या वर्षासाठी अबकारी उत्पन्नाचे ३६,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२५-२६ साठी ते ४०,००० कोटींवर नेले. त्याच २०२३-२४ या वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण देशासाठी, मादक पदार्थांची मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्याला, अर्थसंकल्पात सुमारे ३११ कोटी रुपये दिले. जागृती, शाळांतले कार्यक्रम, व्यसनमुक्ती केंद्रांची अनुदाने, सगळे त्याच रकमेत.

छत्तीस हजार कोटींना तीनशे पासष्टने भागा. रोजचे साधारण ९८ कोटी होतात. म्हणजे साऱ्या देशातल्या व्यसनमुक्तीसाठी केंद्राने ठेवलेली वर्षाची रक्कम ही आपल्या एका राज्याच्या दारूवरील जेमतेम तीन दिवसांच्या अपेक्षित कमाईएवढी आहे. केंद्राची तिजोरी वेगळी, राज्याची वेगळी, आणि राज्येही आपल्या दवाखान्यांमार्फत काही खर्च करतात, हे मला मान्य आहे. तरी प्रमाण डोळ्यांपुढून जात नाही. शोमरोन्याने आपल्या दोन दिवसांची मजुरी एका जखमी माणसासाठी दिली. त्या जखमेतून त्याला एक पैसाही मिळालेला नव्हता. इथे मात्र जखमेवर कर बसवला जातो.

आणि जखमी किती आहेत? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करवून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात आणि ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना दारूच्या व्यसनासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो. दवाखान्यात भरती होऊन उपचार मिळतो तो १८० जणांत एकाला. मुलांबद्दलचा आकडा वाचून तर मी पान उलटू शकलो नाही. पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर असे पदार्थ हुंगण्याचे प्रमाण मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के आहे, तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांमध्ये १.१७ टक्के, म्हणजे दुप्पट. सुमारे ४ लाख ६० हजार मुलांना यासाठी मदतीची गरज आहे.

एकशे ऐंशी जखमींमागे एकाला उतारशाळेत जागा! उरलेले १७९ रस्त्याच्या कडेलाच आहेत.

पहिल्या दिवसाचे पैसे, दुसऱ्या दिवसाचे पैसे

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे खोटे ठरेल, आणि खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा सरकारविषयी बोलतानाही लागू आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी नशामुक्त भारत अभियान २७२ जिल्ह्यांत सुरू झाले, पुढे ते सर्व जिल्ह्यांत नेले. त्यासाठी १४४४६ हा मोफत मदत क्रमांक आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ आहे. स्वयंसेवी संस्थांना व्यसनमुक्ती केंद्रे चालवायला केंद्राचे अनुदान मिळते. सरकारी रुग्णालयांत व्यसन उपचार कक्ष काढायची योजना आहे. धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे.

अडचण अशी की पैसा जिथे दिसतो तिथे लवकर पोचतो. २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. त्या दिवशी बॅनर लागतात, टोप्या वाटल्या जातात, फोटो निघतात. त्यालाही अर्थ आहे, मी नाही म्हणत नाही. पण २७ जूनला काय?

व्यसन सुटणे हे एका दिवसाचे काम नसते. शरीरातले विष उतरायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि दारू अचानक बंद केली तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो, म्हणून तेवढे दिवस डॉक्टर जवळ हवा. त्यानंतर मन सावरायला काही महिने. आणि मग घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. आमच्या महिला मंडळातल्या एका मावशींनी मुलाला एका खासगी केंद्रात ठेवण्यासाठी गळ्यातले मोडले. तीन महिन्यांनी मुलगा परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता, आम्ही स्तुतिगीत गायिले. पण तो परत आला तो त्याच गल्लीत, त्याच कट्ट्यावर. हाताला काम नव्हते. आठवड्याला कोणी येऊन 'कसा आहेस रे?' विचारणारा नव्हता. पावसाळा संपण्याआधी तो पुन्हा पिऊ लागला. मावशी मला म्हणाल्या, “प्रार्थना कमी पडली का रे बाळा?” मी त्यांना सांगितले, “मावशी, प्रार्थना कमी पडली नाही. माणसं कमी पडली.”

डॉक्टर मंडळी सांगतात की पुन्हा घसरणे हा या आजाराच्या वाटेवरचा नेहमीचा खड्डा आहे. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून कोणी रोग्याला घराबाहेर काढत नाही. म्हणूनच शोमरोन्याचा तो शब्द, आणखी लागेल ते परत आल्यावर देईन, मला इतका मोलाचा वाटतो. त्याने मदतीची मुदत ठरवली नाही. आपल्याकडे मात्र संस्थांना अनुदान हप्त्यांनी मिळते. हप्ता रखडला की समुपदेशकाचा पगार थकतो, पगार थकला की तो दुसरी नोकरी बघतो, आणि त्याच्यावर विश्वास टाकून बोलू लागलेला मुलगा पुन्हा गप्प होतो.

हे अशक्य आहे का?

काही जण म्हणतील की कराचा पैसा असा एका कामासाठी बांधून ठेवता येत नाही. निपाणीकरांना तरी हे सांगू नये! १९७६ च्या कायद्यांनी बिड्यांवर उपकर बसवला आणि त्यातून बिडी कामगार कल्याण निधी उभा केला. त्या निधीतून कामगारांसाठी दवाखाने झाले, घरांना मदत मिळाली, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. आज नोकरीत असलेल्या आपल्यातल्या अनेकांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या शिष्यवृत्तीतून झाला आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उपकर बंद झाला. पण चार दशके हा देश एक गोष्ट मानत होता की ज्या धंद्यातून ज्यांच्या शरीराची झीज होते, त्या धंद्याच्या पैशातला वाटा त्यांच्यासाठी बाजूला काढला पाहिजे. मग दारूच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांसाठी का नको? शंभर रुपयांतला एक रुपया कायद्याने बाजूला काढला, तरी ४०,००० कोटींचे ४०० कोटी होतात. कर्नाटकापुरतेच.

शेजारच्या केरळात अबकारी खातेच २०१६ पासून 'विमुक्ती' नावाची मोहीम चालवते आणि तिच्यामार्फत प्रत्येक जिल्ह्यात व्यसनमुक्ती केंद्र काढले आहे. जे खाते दारूचा कर गोळा करते तेच खाते उपचाराची खाट देते. तिथले सगळे प्रश्न सुटलेले नाहीत, पण जबाबदारी कोणाची हे तिथे लिहून ठेवलेले आहे.

आणि मुलगा रस्त्यावर पडण्याआधीच त्याला सावरायचे असेल तर आइसलँडकडे बघावे. त्या छोट्या देशात १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले महिन्याभरात एकदा तरी दारूने धुंद झालेली असायची. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी नुसती भाषणे केली नाहीत. मुलांच्या खेळासाठी, संगीतासाठी, नाच-चित्रकलेसाठी सरकारने आणि नगरपालिकांनी पैसा ओतला. रेकयाविक शहर तर मुलांच्या अशा वर्गांच्या फीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम देते. पालकांनी मुलांबरोबर जास्त वेळ घालवायचे ठरवले, रात्री मुले किती वाजेपर्यंत बाहेर राहतील याचे नियम पाळले. आपल्याकडे याला परदेशी नाव द्यायची गरज नाही. आपल्याकडे तालमी होत्या, मैदाने होती, भजनी मंडळे होती, चर्चचे कॉयर होते. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात मुलगा कुठे असतो, यावर पुष्कळ काही ठरते. तालीम बंद पडते तिथे पानपट्टी उघडते.

सीमेवरच्या मुलाची भाषा

आपल्या भागाचे आणखी एक दुखणे आहे. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण नशेला सीमा नाही आणि उपचाराला मात्र आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि जिथे निधीचे निर्णय होतात ते बेंगळुरू पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. ज्याच्या घरी मराठी बोलतात त्या मुलाला समुपदेशकापुढे बसवले आणि त्याला आपली लाज, आपली भीती, बापाने मारलेले फटके हे सगळे दुसऱ्या भाषेत सांगायला लावले, तर तो काय सांगणार? ताप आला हे कोणत्याही भाषेत सांगता येते. “मला जगावंसं वाटत नाही” हे आईच्या भाषेतच ओठांवर येते. पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली, हे आपण दरवर्षी वाचतो. हे मागणे कन्नडविरोधी नाही. आपल्या चर्चमध्ये कानडी भाऊ शेजारी बसतात, त्यांच्या मुलांनाही हेच हवे आहे. मराठी, कन्नड आणि जमल्यास उर्दू बोलणारे समुपदेशक सीमाभागातल्या सरकारी दवाखान्यांत नेमावेत, एवढेच मागणे आहे. आणि दोन्ही राज्यांनी मुलाचे आधारकार्ड बघण्याआधी मुलाकडे बघावे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्यातूनच येतो: “व्यसन हे पाप आहे. पश्चात्ताप करावा, प्रार्थना करावी, प्रभू सोडवील. सरकारचा काय संबंध?” प्रभू सोडवतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण दाखल्यातल्या शोमरोन्याने जखमेवर हात ठेवून नुसते शब्द उच्चारले नाहीत. तेल लागले, कापड लागले, जनावर लागले, पैसे लागले. मानसिक आरोग्य कायद्याने (२०१७) दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मनोविकारांना मानसिक आजारात धरले आहे, आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा हक्क मानला आहे. हक्काची गोष्ट मागताना कमीपणा नसतो. पौलाने आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क वेळेला वापरलाच होता. याच कायद्याने रोग्याला साखळीने बांधणे बंद केले आहे. म्हणून मुलाला कुठल्याही केंद्रात ठेवण्याआधी नोंदणी विचारावी, डॉक्टर कोण ते विचारावे, भेटायला देतात का ते विचारावे. गरसेकरांच्या प्रांतातल्या त्या माणसाला गावकऱ्यांनी साखळ्या घातल्या होत्या. प्रभूने त्याला शुद्धीवर आणले आणि आपल्या घरी, आपल्या माणसांत पाठवले.

अनेक आईबाप पोलिसांच्या भीतीने मुलाचे गांज्याचे व्यसन लपवतात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच तशी तरतूद आहे. अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्य केंद्रात उपचाराला गेला आणि त्याने ते पुरे केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो, आणि कधी आतूनही: “चर्चने सरकारी पैसा घेतला तर सुवार्तेचे काय? आणि घेतला नाही तर लोक म्हणतील हे धर्मांतर करतात.” माझे उत्तर साधे आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या खाटेवर कोणत्याही धर्माचा मुलगा झोपेल आणि त्याच्यावर श्रद्धेची कोणतीही अट घातली जाणार नाही. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केले, परत आला तो एक. न परतलेल्या नवांचे कुष्ठ प्रभूने त्यांना परत लावले नाही. आपली साक्ष आपल्या सेवेत दिसली पाहिजे, ती सेवेची किंमत म्हणून वसूल करायची नाही.

मुंबईला बांद्र्यात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. ते स्वतः दारूच्या व्यसनातून गेलेले धर्मगुरू. तिथल्या चर्चच्या आवारात सुरू झालेले हे काम पुढे वसईला आणि देशभर पसरले, सर्व धर्मांच्या लोकांना त्याचा उपयोग झाला, आणि २००९ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केले, तेव्हा पैसा दिला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी, आणि जागा मिळाली ती येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. एकाचे पैसे, एकाचे छप्पर, एकाचे कष्ट. जिथे हे तिन्ही जमले तिथे उतारशाळा उभी राहिली.

आपण काय करू या

म्हणून माझी मंडळ्यांना नम्र विनंती आहे. पाळकसाहेब, फादर, सिस्टर, तरुण संघ आणि महिला मंडळ यांनी मिळून एक साधे निवेदन लिहावे, मराठीत आणि कन्नडमध्ये. शेजारच्या मंदिराच्या कमिटीची आणि मशिदीच्या जमातीचीही सही घ्यावी, कारण दुःख सगळ्यांच्या घरात आहे. ते आमदारांना द्यावे, आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे, कारण नशामुक्ती अभियानाची जिल्हा समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. त्यात चार प्रश्न विचारावेत. जिल्ह्याला यंदा या कामासाठी किती पैसा आला? त्यातला कार्यक्रमांवर किती आणि उपचारांवर किती खर्च झाला? निपाणी, चिक्कोडी, खानापूर या तालुक्यांतल्या मुलाला जवळची सरकारी खाट कुठे आहे? मराठी बोलणारा समुपदेशक कोण आहे? उत्तर आले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे, त्याचा अर्ज एका कागदावर होतो. त्या अन्यायी न्यायाधीशाच्या दारात पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेकडे आपल्या निवेदनापेक्षा कमीच साधने होती. तिच्याकडे चिकाटी होती.

आणि जे पैशाने विकत मिळत नाही ते आपण द्यावे. आठवड्यातून एक संध्याकाळ चर्चचा हॉल अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला उघडा ठेवावा. व्यसनमुक्त होऊन आलेल्या मुलाला घरातल्यांनी आणि मंडळीने 'बेवड्याचा पोरगा', 'दारुड्या' म्हणणे बंद करावे. त्याला कॉयरमध्ये बसवावे, खुर्च्या लावायला सांगावे, कुणाच्या दुकानात काम असेल तर द्यावे. पहिले वर्षभर दोन माणसांनी त्याच्या घरी आठवड्याला जाऊन चहा प्यावा. आणि आपल्या लग्नांत, नाताळच्या मेजवानीत बाटली उघडताना टेबलाच्या टोकाला बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाकडे एकदा पाहावे. सरकारला जाब विचारणाऱ्याचे स्वतःचे ताट स्वच्छ असावे.

दाखल्याच्या शेवटी प्रभूने शास्त्र्याला विचारले ते एवढेच की शेजारी कोण ठरला. त्याने बरोबर उत्तर दिले, आणि तूही जाऊन तसेच कर असे प्रभूने त्याला सांगितले. 'तसेच' या शब्दात पहिल्या दिवसाचे तेल आहे, आणि दुसऱ्या दिवसाचे दोन दीनारही आहेत.

प्रार्थना करू या: दयाळू पित्या, आमच्या रस्त्यांच्या कडेला पडलेली लेकरे तुझी आहेत. त्यांच्या आयांचे अश्रू तू मोजतोस. राज्य करणाऱ्यांना न्यायाची बुद्धी दे, डॉक्टरांच्या आणि समुपदेशकांच्या हातांना बळ दे, आणि आम्हाला दुसऱ्या दिवशीही थांबणारे शेजारी कर. प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन.